कॉलेज ७ टक्के हिस्सा मागतंय, कंपनीही काढायला सांगतंय: सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अंधेरीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलगी, मेकॅनिकलचं तिसरं वर्ष नुकतंच संपलंय. ती आणि तिचे दोन वर्गमित्र मासळी विकणाऱ्या बायकांसाठी एक पेटी तयार करतायत. साध्या थर्माकोलच्या खोक्यापेक्षा तिच्यात बर्फ बराच जास्त टिकतो. कॉलेजच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. आता कॉलेजच्या इनक्युबेशन सेंटरने (नव्या धंद्यांना सुरुवातीला आधार देणारं केंद्र) करार हातात ठेवलाय: महिनाभरात प्रायव्हेट लिमिटेड कंपनी नोंदवा, ७ टक्के हिस्सा सेंटरला द्या, त्या बदल्यात बसायला जागा, मेंटॉर आणि ‘फंडिंगसाठी मदत’ घ्या. घरी आई म्हणते, प्लेसमेंट तोंडावर आलीय, ती आधी बघ. विचारलंय ते एवढंच: सही करू का?

मी मुंबईतल्या कॉलेजांच्या इनक्युबेशन सेंटरांत तेरा वर्षं काम केलं आहे. असे करार मी स्वतः लिहिलेत, मुलांपुढे ठेवलेत, आणि नंतरच्या काळात मुलांच्या बाजूने बसून त्यातली कलमं बदलूनही घेतलीत. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. सेंटरमध्ये जरूर जा. करार मात्र या महिन्यात, या स्वरूपात करू नका. तुमच्यापुढे जे ठेवलंय त्यात वाईट असं काही नाही, त्याचा क्रम चुकलाय. कंपनी, हिस्सा, पेटंट, प्रोटोटाइप (वस्तूचा पहिला चालता नमुना), नोकरी या सगळ्यांचा निकाल एकाच सहीत लावायला सांगतायत, आणि त्यातल्या काही गोष्टी एकदा केल्या की मागे घेता येत नाहीत.

माझं उत्तर तीन गोष्टींवर बदलू शकतं. कॉलेजचं स्वतःचं लेखी स्टार्टअप धोरण आहे का, आणि त्यात काय म्हटलंय. ‘फंडिंगसाठी मदत’ म्हणजे सेंटर स्वतःचे पैसे घालणार आहे की नुसत्या ओळखी करून देणार आहे. आणि तुम्हा तिघांपैकी पुढच्या जूनमध्ये किती जण खरोखर यात असाल. पहिल्या दोन गोष्टी सेंटरला विचारून कळतील. तिसरीसाठी तुम्हा तिघांनाच बसावं लागेल, तिच्याकडे मी शेवटी येते.

आधी कंपनीचं बोलू. सेंटरला घाई का आहे हे समजून घ्या, म्हणजे त्यांच्याशी बोलताना मनात राग राहणार नाही. सेंटरला हिस्सा घ्यायचा तर तो कंपनीतच घ्यावा लागतो. कंपनीच नसेल तर ७ टक्के कशाचे? शिवाय किती स्टार्टअप उभे राहिले याचे आकडे कॉलेजला दरवर्षी द्यावे लागतात. २०१८ पासून केंद्राच्या शिक्षण खात्याच्या इनोव्हेशन सेलने कॉलेजाकॉलेजांत इनोव्हेशन कौन्सिलं उभी केली, त्यांच्या कामाचं मूल्यमापन होऊन तारे मिळतात. ज्या प्राध्यापकांकडे सेंटर आहे ते बहुतेक वेळा तासिका घेऊन, पेपर तपासून उरलेल्या वेळात हे काम ओढत असतात. नोंदलेली कंपनी ही त्यांच्या अहवालात दाखवता येईल अशी ठोस गोष्ट असते. त्यांची गरज खरी आहे. पण तुमचं वेळापत्रक त्या गरजेवरून ठरायला नको.

कारण कंपनी नोंदवली त्या दिवशी दोन घड्याळं सुरू होतात. पहिलं घड्याळ कागदपत्रांचं. पहिला ऑडिटर ३० दिवसांत नेमावा लागतो. भागभांडवलाचे पैसे बँकेत भरून, धंदा सुरू केल्याचं निवेदन १८० दिवसांत द्यावं लागतं. एक रुपयाची विक्री नसली तरी दरवर्षी ऑडिट होतं, ताळेबंद आणि वार्षिक विवरण असे दोन फॉर्म भरावे लागतात. ते चुकले तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क. दोन्ही फॉर्म वर्षभर राहून गेले तर ७३,००० रुपये होतात. शेवटच्या वर्षाला, सबमिशन आणि प्लेसमेंटच्या धांदलीत, हे फॉर्म कोण लक्षात ठेवणार?

हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी तीन मुलांच्या एका गटाला मीच आग्रह करून कंपनी नोंदवायला लावली होती. डेमो डे, म्हणजे पाहुण्यांपुढे स्टार्टअप मांडायचा दिवस, जवळ आला होता आणि फलकावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ असं दिसावं, असं मला वाटत होतं. आठ महिन्यांत दोघांना चांगल्या नोकऱ्या लागल्या, तिसऱ्याने एकट्याने रेटायचा प्रयत्न केला आणि सोडून दिलं. कंपनी मात्र जिवंत होती. नोंदणीचा पत्ता डोंबिवलीच्या घराचा असल्यामुळे नोटिसा तिथे जायला लागल्या. त्या मुलाचे वडील एका दुपारी फाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आले. त्यांनी आवाजही चढवला नाही, फक्त विचारलं, “मॅडम, हे बंद कसं करायचं?” कंपनी बंद करण्याच्या अर्जाचं शुल्कच १०,००० रुपये असतं, आणि त्याआधी राहिलेले सगळे फॉर्म दंडासकट भरावे लागतात. स्पर्धेत मिळालं होतं त्यापेक्षा जास्त त्या घराच्या खिशातून गेलं. त्यानंतर मी कुठल्याही विद्यार्थ्याला फलकासाठी कंपनी काढायला सांगितलेलं नाही.

दुसरं घड्याळ योजनांचं. केंद्राची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ मध्ये आली. इनक्युबेटरमार्फत कल्पना सिद्ध करायला आणि प्रोटोटाइपला २० लाखांपर्यंत अनुदान, बाजारात उतरायला ५० लाखांपर्यंत कर्जाच्या किंवा रोख्यांच्या स्वरूपात, असा तिचा आराखडा होता; आत्ता ती सुरू आहे का, हे आधी तपासा. तिच्यात अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी. आता तुमचा हिशेब करा. या जुलैत कंपनी नोंदवली तर त्या दोन वर्षांतलं पहिलं वर्ष कॉलेजात जाणार, अभ्यास आणि प्रोजेक्ट सांभाळत. पेटी खरी तयार होऊन बाजारात चार बायकांनी वापरलेली असेल, तेव्हा घड्याळात जेमतेम काही महिने उरलेले असतील. तुमच्या हातातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे न नोंदलेली कंपनी, असं मी म्हणते ते यासाठी.

याला अपवाद आहेत. एखादी मच्छीमार सहकारी संस्था पन्नास पेट्यांची ऑर्डर देतेय आणि तिला कंपनीचं बिल हवंय, किंवा एखादं अनुदान मंजूर झालंय आणि ते कंपनीच्याच खात्यात येऊ शकतं, तर पंधरा दिवसांत कंपनी नोंदवता येते. तेव्हा नोंदवा. केंद्राच्या शिक्षण खात्याने कॉलेजांसाठी केलेल्या राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण, २०१९ मध्ये विद्यार्थ्यांना परवानगी घेऊन कॉलेजचा पत्ता नोंदणीसाठी वापरू द्यावा असं सुचवलेलं आहे, ते तेव्हा उपयोगी पडेल. मुंबईत हाउसिंग सोसायट्या धंद्याच्या पत्त्याला नाक मुरडतात, भाड्याचं घर असेल तर मालक ना-हरकत पत्र देत नाही. म्हणून ही सवलत आत्ताच लेखी मागून ठेवा, वापरा नंतर.

आता ७ टक्के. त्याच २०१९ च्या धोरणात संस्थेला २ ते ९.५ टक्क्यांपर्यंत हिस्सा घेता येईल असं म्हटलंय. संस्थेचं नाव, प्राध्यापकांचं योगदान, दिलेली मदत आणि संस्थेच्या बौद्धिक संपदेचा वापर किती झाला, त्यावरून आकडा ठरवायचा. म्हणजे ७ हा आकडा नियमाबाहेर नाही. पण तो त्या पट्ट्याच्या वरच्या भागात आहे, आणि टेबल, वायफाय व महिन्यातून एकदा येणारा मेंटॉर एवढ्यासाठी तो जास्त आहे. माझा स्वतःचा अंदाज सांगते: नुसती जागा मिळत असेल तर महिन्याचं माफक भाडं द्या आणि हिस्सा देऊ नका. कार्यशाळा, चाचणीची साधनं, एक प्राध्यापक आठवड्याला ठरावीक वेळ, अशी खरी मदत असेल तर २ ते ३. साच्याच्या खर्चाला सेंटर स्वतःचे पैसे घालणार असेल तर ५ वर बोलता येईल, आणि तोही टप्प्याटप्प्याने: प्रोटोटाइप झाल्यावर थोडा, बाजारातली चाचणी संपल्यावर थोडा.

आकड्यापेक्षा एका कलमाची मला जास्त काळजी वाटते. करारात कुठे ‘हिस्सा कायम ७ टक्के राहील’ अशा अर्थाचं वाक्य आहे का ते बघा. साधारणपणे पुढे गुंतवणूकदार आला आणि त्याने २० टक्के घेतले तर सगळ्यांचे हिस्से त्याच प्रमाणात कमी होतात, सेंटरचे ७ चे ५.६ होतात. ‘कायम’ असं लिहिलं असेल तर सेंटरचे ७ तसेच राहतात आणि त्यांच्या वाटची घट तुम्हा तिघांच्या हिश्शातून जाते. पुढच्या प्रत्येक फेरीत तेच. मी असे दोन करार पाहिलेत, दोन्ही वेळा गुंतवणूकदाराच्या वकिलाने पहिल्याच बैठकीत बोट तिथे ठेवलं. हे कलम काढून घ्या. सेंटरमधून बाहेर पडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, तेव्हा हिश्शाचं काय, हेही लिहून घ्या. करार वाचायला सेंटरच्या यादीतला वकील नको, बाहेरचा घ्या.

आता ज्या गोष्टीबद्दल तुम्ही विचारलंच नाही, पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती: पेटी कोणाची?

तुमचं शेवटचं वर्ष आता सुरू होतंय. स्वाभाविकपणे मनात येतं की हीच पेटी मेजर प्रोजेक्ट म्हणून घ्यावी. धोरणही त्याला अनुकूल आहे. प्रोजेक्ट, सेमिनार किंवा उन्हाळी प्रशिक्षणाच्या जागी स्वतःच्या स्टार्टअपचं काम धरावं, असं त्यात सुचवलंय. वेळ वाचतो, गाइड मिळतो, लॅब मिळते. पण त्याच धोरणात बौद्धिक संपदेबद्दल असंही आहे की जे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून किंवा संस्थेची साधनं मोठ्या प्रमाणात वापरून तयार होतं, त्याची मालकी संस्था आणि ते बनवणारे यांची मिळून. अभ्यासक्रमाबाहेर आणि संस्थेची साधनं न वापरता विद्यार्थ्याने केलेलं असेल तर ते पूर्णपणे त्याचं. म्हणजे ज्या दिवशी पेटी प्रोजेक्टच्या यादीत जाईल, त्या दिवशी तिच्यात कॉलेज भागीदार होऊ शकतं, आणि हे त्या ७ टक्क्यांच्या व्यतिरिक्त. पेटंट कायद्यानुसार संयुक्त मालकांपैकी एकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही की आपला वाटा विकता येत नाही. उद्या कुणी कारखानदार पेटी बनवायला तयार झाला तर तुम्हाला कॉलेजची सही लागेल. आणि कॉलेजात सही मिळायला कधी कधी एक अख्खी टर्म जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मी असा मार्ग सुचवते. पेटीत नेमकं नवीन काय आहे, ते एका कागदावर लिहा. आतल्या थरांची रचना? वितळलेलं पाणी बाहेर काढायची पद्धत? झाकण? यातलं जे तुम्ही घरी, स्वतःच्या पैशाने, आधीच केलंय त्याची तारखेसकट नोंद करा: फोटो, खरेदीची बिलं, वहीची पानं. मग प्रोजेक्टचा विषय ‘पेटीची रचना’ असा न ठेवता ‘बर्फाच्या पेट्यांमधली उष्णतेची गळती मोजणं आणि तुलना’ असा ठेवा. त्यात थर्माकोलचा खोका, बाजारातली तयार प्लास्टिकची पेटी आणि तुमची पेटी, तिन्ही येतील. लॅब, गाइड आणि मार्क सगळं मिळेल, आणि अभ्यासक्रमातून जे निपजेल ते मोजमाप असेल. गाइडना हे उघड सांगून करा, लपवाछपवी नको. चांगल्या गाइडना ते पटतं. आणि कॉलेजने तरीही संयुक्त मालकीच धरली, तर निदान पेटी बनवण्याचा आणि विकण्याचा एकमेव परवाना तुमच्या भावी कंपनीला मिळेल, असं पत्र सुरुवातीलाच घ्या.

आणखी एक प्रश्न, त्याचं उत्तर स्वतःशी खरं द्या: स्पर्धेत पेटी उघडून दाखवली होती का? पेटंटसाठी गोष्ट अर्जाच्या दिवशी नवी असावी लागते. जाहीरपणे दाखवून झालेल्या गोष्टीला बारा महिन्यांची सूट मिळते ती फार मोजक्या प्रसंगी, उदाहरणार्थ केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन. कॉलेजची स्पर्धा सहसा त्यात बसत नाही. बाहेरची पेटी आणि आलेख एवढंच दाखवलं असेल तर आतली रचना अजून तुमच्याकडे सुरक्षित आहे. तसं असेल तर पुढच्या कुठल्याही स्पर्धेआधी प्राथमिक स्वरूपाचा अर्ज करून टाका. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे, आणि पूर्ण अर्ज करायला त्यानंतर १२ महिने मिळतात. मसुदा मात्र जाणकाराकडून करून घ्या, तिथे काटकसर नको. आणि खरोखर पेटंट घेण्याजोगं काही नसेल, तर तेही बरंच आहे. मग मालकीच्या या सगळ्या चर्चेचं ओझं कमी होतं आणि तुम्ही नाव, किंमत आणि ओळखी यांवर धंदा उभा करता.

इथवरचं एकत्र सांगते. कंपनी: ऑर्डर किंवा अनुदान दिसेपर्यंत नाही. हिस्सा: आत्ता नाही, नंतर द्यायचा तर कमी, टप्प्याने, आणि ‘कायम’ शब्दाशिवाय. पेटंटचा प्राथमिक अर्ज: लागू असेल तर सगळ्यात आधी. प्रोजेक्ट: हो, पण मोजमापावर. कंपनी नसतानाही सेंटरमध्ये राहता येतं. बऱ्याच ठिकाणी त्याला प्री-इनक्युबेशन म्हणतात. सहा महिन्यांच्या प्री-इनक्युबेशनचं साधं पत्र मागा. नाही म्हणणारं सेंटर मी फार कमी पाहिलंय, कारण त्यांच्या अहवालात तेही धरलं जातं.

मग त्या सहा महिन्यांत कॉलेजकडून काय घ्यायचं? मेंटॉरच्या यादीने भारावून जाऊ नका. जे फक्त कॉलेजच देऊ शकतं ते घ्या. हीट ट्रान्सफरची लॅब तुमच्या विभागात आहेच. तिथली तापमान नोंदवणारी यंत्रं मागून घ्या, आणि एक चाचणी तर वजनकाट्यावरही होते: बर्फ भरा, तळातून निघणारं पाणी दर तासाला मोजा. १ किलो बर्फ वितळायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. १० तासांत ६ किलो पाणी निघालं तर आत शिरणारी उष्णता सरासरी ५६ वॉटच्या आसपास. हा एक आकडा तुमच्या सगळ्या स्लाइड्सपेक्षा जास्त बोलेल. हजेरीची सवलतही मागा. स्टार्टअपवर काम करणाऱ्या मुलांना हजेरी कमी असली तरी परवानगीने परीक्षेला बसू द्यावं, असं धोरणात आहे. कॉलेज ते मानेल की नाही हे प्राचार्यांवर अवलंबून आहे, पण लेखी अर्ज दिल्याशिवाय तर कुणीच मानणार नाही.

सवलत कधीसाठी मागायची, तेही ठरवून मागा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. म्हणजे सध्या बाजार अर्धा झोपलेला आहे, आणि आत्ता ओट्यावर चाचणी करून हाती लागेल ते फसवं असेल. बोटी ऑगस्टमध्ये निघतील, नारळी पौर्णिमेनंतर बाजार भरेल, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात तुमच्या पेटीची खरी परीक्षा होईल. नेमक्या त्यानंतर तुमच्या सेमिस्टरच्या परीक्षा येतात. म्हणून जुलैत लॅबच्या चाचण्या संपवा आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर पहाटेचे दिवस मोकळे राहतील अशी सवलत मागा. भाऊच्या धक्क्यावर किंवा ससून डॉकवर पहाटे माल घेतला जातो तिथपासून ती पेटी संध्याकाळी रिकामी होईपर्यंत तिच्याबरोबर राहा. लॅबमध्ये झाकण बंद असतं. ओट्यावर गिऱ्हाईक सुरमई उलटीपालटी करून बघतं, भाव करतं, निघून जातं, परत येतं, आणि प्रत्येक वेळी झाकण उघडतं. पेटी दोघींना उचलून रिक्षात किंवा लोकलच्या लगेजच्या डब्यात चढवता येते का, पाण्याने धुतली तर वास जातो का, बसायला स्टूल म्हणून चालते का, हे प्रश्न तुम्हाला मावश्याच विचारतील.

यासाठी तुमच्या कॉलेजपेक्षा जास्त उपयोगाचं एक विद्यापीठ तुमच्या अगदी जवळ आहे, आणि तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून मी थोडी अस्वस्थ झाले. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, जिला सगळे सीआयएफई म्हणतात. १९६१ ची संस्था, अभिमत विद्यापीठ. मासळी पकडल्यानंतर तिची हाताळणी, साठवण, ताजेपणा यांवर तिथे वर्षानुवर्षं अभ्यास चालू आहे. त्यांचं कृषी-व्यवसायाचं इनक्युबेशन केंद्रही आहे. तुमची पेटी बर्फ वाचवते हे तुम्ही मोजाल, पण त्यामुळे बोंबील किती तास जास्त चांगला राहतो हे शास्त्रशुद्ध सांगणारी माणसं तिथे आहेत. विकत घेणाऱ्या बाईला बर्फाच्या किलोंपेक्षा हेच जास्त कळतं, कारण संध्याकाळी उतरलेल्या भावात विकावा लागलेला माल तिच्या खिशाला लागतो. एक ईमेल आणि एक फेरी, एवढंच करायचंय.

बाकीची दारंही उघडी आहेत. विद्याविहारला सोमय्यांचं रिडल हे इनक्युबेशन केंद्र २०१० पासून आहे, बाहेरच्या मुलांनाही घेतं, आणि हाताने वस्तू घडवणाऱ्यांसाठी तिथलं वातावरण चांगलं आहे. अंधेरीतच सरदार पटेल इन्स्टिट्यूटच्या आवारात टेक्नॉलॉजी बिझनेस इनक्युबेटर आहे. कलिन्याला मुंबई विद्यापीठाचं स्वतःचं केंद्र आहे. पवईला आयआयटीचं साइन हे केंद्र २००४ पासूनचं. ड्रोन बनवणारी आयडियाफोर्ज तिथूनच वाढली. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि शेअर बाजारात आली २०२३ मध्ये, सोळा वर्षांनी. महिनाभरात काय होतं आणि काय होत नाही, याचा अंदाज यायला हा आकडा लक्षात ठेवा.

पैशाबद्दल. तुमच्यासारख्या, म्हणजे हातात धरता येईल अशी वस्तू बनवणाऱ्या आणि अजून कंपनी नसलेल्या लोकांसाठी, केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना आहे. प्रोटोटाइपसाठी जास्तीत जास्त १० लाख, मुदत १८ महिने, आणि व्यक्ती म्हणून अर्ज करता येतो. तो मान्यताप्राप्त केंद्रांमार्फत होतो, साइन त्यांपैकी एक. विद्यार्थी म्हणून कॉलेजचं ना-हरकत पत्र लागू शकतं, तेही आत्ताच मागून ठेवा. अर्जाच्या दिवशीची नियमावली वाचा, अशा योजनांच्या अटी बदलत राहतात. प्रोटोटाइप पक्का झाला, दोन-तीन संस्थांनी रस दाखवला, की मग कंपनी आणि मग सीड फंड. राज्याच्या इनोव्हेशन सोसायटीचा स्टार्टअप सप्ताहही तेव्हा बघा. त्यात निवडलेल्यांना सरकारी खात्यांकडून कामाची ऑर्डर मिळते. आणि प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बर्फाच्या पेटीसह दुचाकी आणि तीनचाकीला अनुदान आहे, महिलांना ६० टक्के. तुमचं खरं गिऱ्हाईक एकेकटी मावशी असेल की ही वाहनं पुरवणारा व्यापारी, याचा विचार या योजनेमुळे बदलू शकतो.

आता तुम्ही तिघं. एका संध्याकाळी फोन बाजूला ठेवून बसा आणि लिहा: आजपर्यंत कोणी काय केलं, कोणी किती पैसे घातले, कोणाला परदेशात एमएस करायचंय, कोणाच्या घरी पगाराची निकड आहे. हिस्से समान ठेवायचे असतील तर ठेवा, पण ते चार वर्षांत हळूहळू हाती येतील आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडणाऱ्याला काही मिळणार नाही, असं ठरवा. माझ्या पाहण्यात एका कंपनीत चौघांपैकी एक २५ टक्के घेऊन अमेरिकेला शिकायला गेला. भांडण काही नव्हतं, तो फक्त ईमेलला उत्तरं देईना. गुंतवणूकदार त्याच्या सहीसाठी चार महिने थांबला आणि मग थांबायचं सोडून दिलं. मैत्री टिकावी असं वाटत असेल तर हे आता लिहा, अजून वाटून घ्यायला काहीच नाही तोवर.

आईचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. प्लेसमेंटला बसा. कंपनी नोंदलेली नाही, हिस्सा दिलेला नाही, त्यामुळे बसायला कुठलीच अडचण नाही; उलट मुलाखतीत या पेटीइतकी चांगली गोष्ट सांगायला वर्गात कुणाकडे नसेल. काही संस्थांत स्टार्टअप करणाऱ्यांना प्लेसमेंट एक-दोन वर्षं पुढे ढकलायची सोय मिळते, तुमच्या प्लेसमेंट सेलला विचारून बघा. ऑफर आली तर रुजू होण्याची तारीख सहसा पुढच्या जून-जुलैनंतरची असते. तोवर ऑगस्ट ते मे असा मासळीचा एक पूर्ण हंगाम तुमच्या हातात आहे. आईला तारीख सांगा: मेअखेर अमुक इतक्या पेट्या पैसे देऊन कुणी घेतल्या नाहीत तर मी नोकरीवर रुजू होईन. आकडा तुम्ही ठरवा, पण तो तिच्यासमोर ठरवा.

सेंटरच्या प्राध्यापकांना भेटायला जाताना करार परत करू नका, ‘सहा महिन्यांनी याच्यावर बोलू’ म्हणून स्वतःकडे ठेवा, आणि प्री-इनक्युबेशनच्या पत्राचा मसुदा तुम्हीच लिहून न्या. त्यांचं काम तेवढं हलकं होतं. करारातलं बौद्धिक संपदेचं कलम कॉलेजचं नाव झाकून इथे टाकलंत तर मी वाचून सांगेन.